लेथवरचा हात आणि ऑफसेटचं पान

भोसरी, पुणे
मंगळवार, रात्री

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार, वि. वि. तुझं पत्र मिळालं. शेठनी जुनं सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारा लेथ, आणून शेडमध्ये बसवलं, तीनपैकी दोन लेथ विकायला काढले आणि तुला विचारलं, "मिस्त्री, तुम्ही शिकताय की पोरगा ठेवू?" तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. उद्या कामावर गेल्या गेल्या "शिकतो" म्हणून सांग. चोवीस वर्षांचा हात फुकट गेला असं तू लिहिलंस, ते मला पटत नाही. त्यातला थोडा भाग खरंच सुटणार आहे, थोडा उलट नडणार आहे, आणि मोठा भाग असा आहे की तो आजच्या ऑपरेटर पोरांना कुणी शिकवलेलाच नाही. कुठला कुठला ते सविस्तर लिहितो.

लेथवर टर्नर म्हणजे सगळं मिळून एकच माणूस. ड्रॉइंग वाचणार तोच, एचएसएसचा (हायस्पीड स्टीलचा) कापायचा बिट ग्राइंडरवर घासून कोन काढणार तोच, चार जॉच्या (दाढांच्या) चकात डायल लावून जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, सेंटरला आणणार तोच, स्पीड-फीड (कापायचा वेग आणि एका फेऱ्याला टूल किती सरकणार ते) ठरवणार तोच आणि शेवटी मायक्रोमीटर धरणारही तोच. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. तिच्यातला आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर ट्रेड असाच माणूस घडवायला बघतो. सीएनसी आल्यावर मोठ्या कारखान्यांनी या एका माणसाची वाटणी केली. प्रोग्रॅम ऑफिसात बसणारा करतो, टूल आणि जॉ सेटर लावतो, मोजमाप क्वालिटीवाला बघतो, इन्सर्ट, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या कार्बाइडच्या चकत्या, टूल क्रिबमधून (टूलच्या कोठारातून) येतात. ऑपरेटरच्या वाट्याला उरतं ते जॉब लावणं, दार बंद करणं, सायकल स्टार्ट दाबणं, जॉब काढणं आणि माप बसतं की नाही एवढंच सांगणारं गो-नोगो गेज घालून बघणं. कसब सगळ्यांत कमी, उभं राहणं सगळ्यांत जास्त आणि नोकरी बहुतेक वेळा कंत्राटी. वाईट याचं वाटतं की आयटीआय करून आलेली चांगली पोरं तीन-तीन वर्षं हेच करतात आणि बाहेर पडताना त्यांना साधा वेअर ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेप्रमाणे माप सुधारायचा आकडा, देता येत नाही. आणि आपोआप जॉब लावणारा गँट्री लोडर किंवा रोबो येतो तो नेमका याच तुकड्यावर येतो.

तुझी गोष्ट वेगळी आहे, कारण तुमची शेड लहान आहे. तिथं प्रोग्रॅमर, सेटर, ऑपरेटर, क्वालिटी असे चार पगार शेठला परवडणार नाहीत. ती चारही कामं पुन्हा एकाच माणसाकडे येणार. तो माणूस तू हो.

आता हाताचं बघू. सुटणार काय? बिट घासणं जवळजवळ सुटलं. त्याची जागा इन्सर्टच्या नंबरानं घेतली, आणि तो नंबर तुला पाठ पाहिजे. डबीवर सीएनएमजी १२०४०८ असं लिहिलेलं असेल. सी म्हणजे ८० अंशांचा समभुज आकार. एन म्हणजे बाजूला क्लिअरन्स शून्य, म्हणून होल्डरच त्याला तिरका धरतो. एम हा इन्सर्टच्या मापाच्या टॉलरन्सचा वर्ग. जी म्हणजे मधे भोक आणि दोन्ही तोंडांना चिप ब्रेकर, म्हणजे निघणारी साल तोडणाऱ्या खाचा. १२ ही कडेची लांबी, ०४ म्हणजे जाडी ४.७६ मिमी, आणि ०८ म्हणजे नोज रेडियस (टोकाची गोलाई) ०.८ मिमी. दोन तोंडं, प्रत्येकी दोन कोपरे, म्हणून एका इन्सर्टला चार कडा. कडा वापरून झाली की तिच्यावर मार्करनं खूण कर, नाहीतर रात्रपाळीवाला तीच कड फिरवून परत लावतो आणि दोष मशीनला देतो.

थ्रेडिंगचे चेंज गिअरही सुटले. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे काढायला १२७ दातांचं चाक का लागतं, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. इथं पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, प्रोग्रॅममध्ये फक्त एफ या अक्षरापुढं लिहायचा. पण आट्याची खोली पिचच्या साधारण ०.६१३ पट, म्हणजे १.५ पिचला ०.९२ मिमी, आणि पुढचा प्रत्येक पास आधीच्यापेक्षा कमी घ्यायचा, हे तुझं ज्ञान तसंच लागतं. आटा जसजसा खोल जातो तसतशी टूलची जास्त लांबी कापत असते, म्हणून सारखे पास दिले तर शेवटच्या पासांत टोक मोडतं. आणखी एक गोष्ट: आटे काढताना जी९६, म्हणजे व्यासाप्रमाणे आरपीएम बदलणारा प्रोग्रॅममधला हुकूम, चालू ठेवायचा नाही, जी९७ लावून आरपीएम पक्का करायचा. दोन पासांच्या मधे आरपीएम बदलला की आट्याची सुरुवात सरकते आणि आटा खराब होतो.

जी९६ म्हणजे ठराविक कटिंग स्पीड. आरपीएम बरोबर १००० गुणिले स्पीड, भागिले पाय गुणिले व्यास, हे सूत्र तू आयटीआयत घोकलं होतंस. लेथवर गिअरबॉक्सवर जो आकडा असेल तो लावून आपण पुढं गेलो. सीएनसी हे गणित प्रत्येक क्षणाला करतं. १८० मीटर स्पीड दिला तर ४० मिमी व्यासावर १४३० च्या आसपास आरपीएम येतो आणि १० मिमीवर ५७३०. फेसिंग करत टूल सेंटरकडे गेलं की व्यास शून्याकडे जातो आणि स्पिंडल त्याच्या कमाल वेगाकडे पळतो. चकात जड किंवा एका बाजूला वजन असलेलं कास्टिंग असेल तर जॉब उडतो. म्हणून प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जी५० लिहून वरची मर्यादा घालायची, समज एस २०००, म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्या. कुणाचाही प्रोग्रॅम हातात आला तरी आधी ही ओळ शोध. नसेल तर मशीन चालू करू नकोस.

आता जे नडणार ते. हे नीट वाच, कारण जुने चांगले टर्नर इथंच अडकतात.

तुझ्या हाताची खासियत म्हणजे केसभर कट. धारदार एचएसएसनं तू दोन-तीन शतांशांची साल काढून माप आणतोस. कार्बाइड इन्सर्टवर हे चालत नाही. त्याची कड तुटू नये म्हणून ती मुद्दाम किंचित गोलसर केलेली असते, वर कोटिंग असतं. इतक्या बारीक कटाला ती कापत नाही, घासते आणि जॉबला बाजूला ढकलते. मग एका जॉबला माप येतं, पुढच्याला येत नाही, आणि माणूस बेअरिंगवर संशय घेतो. ०.८ नोजचा इन्सर्ट असेल तर फिनिशिंगला प्रत्येक बाजूला निदान पाव मिलिमीटर तरी ठेव. तेवढं ठेवायला जागा नसेल किंवा जॉब बारीक आणि लांब असेल तर ०.४ नोज घे, त्याचा ढकलण्याचा जोर कमी. थोडक्यात, लेथवर आपण मापाकडे दबकत जात होतो. इथं पूर्ण कट घेऊन एका झटक्यात मापावर पोचायचं आणि चुकलेलं ऑफसेटनं पुढच्या जॉबवर सुधारायचं.

फिनिशचंही हिशेबानं बघ. टूलच्या रेषांची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसच्या आठपट. ०.२ फीड आणि ०.८ नोजला सव्वासहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) येते. फीड ०.१ केला की दीड मायक्रॉनच्या जवळ, म्हणजे फीड निम्मा तर उंची चौथाई. पण फीड कमी करत गेलास की चिप तुटायची थांबते आणि रिबन होऊन जॉबला, चकाला गुंडाळते. आकड्यासारखी, सहा किंवा नऊच्या आकाराची तुटकी चिप पडत असेल तर सगळं ठीक. चिपचा रंग, आवाज, कटमधली थरथर हे तुझ्या अंगात मुरलेलं आहे, ते तसंच वापर. फक्त दारामागं कूलंटच्या फवाऱ्यात ते दिसत नाही, म्हणून सायकल झाली की ट्रेमधली चिप हातमोजा घालून उचलून बघायची सवय लाव.

दुसरी नडणारी सवय डायलची. तुझ्या लेथच्या क्रॉस स्लाइडच्या डायलवर त्रिज्येची आखणी आहे. ०.०५ आत घेतलंस की व्यास ०.१ नं कमी होतो, आणि मनातल्या मनात निम्मं करायची तुला सवय आहे. सीएनसीवर एक्सचा, म्हणजे व्यासाच्या दिशेचा, वेअर ऑफसेट व्यासात असतो. जेवढं कमी पाहिजे तेवढंच लिहायचं, निम्मं करायचं नाही.

मशीनच्या स्क्रीनवरच्या ऑफसेटच्या पानावर मी जरा जास्त वेळ घेतो, कारण रिजेक्शन सगळ्यांत जास्त इथूनच निघतं. समज, ४० मिमी व्यासाचा, एच६ टॉलरन्सचा शाफ्ट आहे, माप ३९.९८४ ते ४०.०००. मधलं माप ३९.९९२ धरायचं. जॉब मोजला, ४०.०१२ आला, म्हणजे वीस मायक्रॉन कमी करायचे. पानावर आधीच उणे ०.०५० आहे. इथं "प्लस इनपुट"नं उणे ०.०२० दिलं की बेरीज होऊन उणे ०.०७० होतं, बरोबर. साधं "इनपुट" दाबलं तर जुना आकडा पुसून उणे ०.०२० बसतं, आणि व्यास कमी व्हायच्या ऐवजी तीस मायक्रॉननं वाढतो. दोन बटणं शेजारी शेजारी असतात. आकडा टाकला की बोट उचलायच्या आधी पानावर काय उमटलं ते वाच. दशांश चिन्हाचंही तेच. उणे ०.०२ च्या जागी उणे २ गेलं तर टूल आत घुसून व्यास दोन मिलिमीटरनं कमी करतं. उलट काही कंट्रोलवर पॉइंट न देता एक्स २० लिहिलं तर ते वीस मायक्रॉन धरलं जातं. तुमचं मशीन कसं धरतं ते जॉब न लावता तपासून घे आणि कंट्रोलच्या वर पट्टी चिकटवून ठेव.

पण वरच्या हिशेबात अजून एक खोट आहे. जॉब चकातून काढल्या काढल्या गरम असताना मोजला. पोलाद एका अंशाला दर मीटरमागं साडेअकरा मायक्रॉन वाढतं. मायक्रोमीटरपेक्षा जॉब २० अंशांनी गरम असेल तर ४० मिमी व्यास नऊ मायक्रॉननं फुगलेला असतो. म्हणजे ४०.०१२ दिसला तो खरा ४०.००३ होता. तू वीस कमी केलेस, पुढचा जॉब गार झाल्यावर ३९.९८३ भरला. एका मायक्रॉननं रिजेक्ट, आणि मोजताना तर तो बरोबर होता! लेथवर एकेक जॉब रमतगमत व्हायचा, तोवर गार व्हायचा. इथं मिनिटा-दीड मिनिटाला एक पडतो. म्हणून जॉब पाच-दहा मिनिटं कूलंटच्या बादलीत किंवा लोखंडी प्लेटवर ठेवून, मायक्रोमीटरच्या तापमानाला आणूनच मोज. सकाळी मशीन गार असताना आणि अकरानंतर तापल्यावरही माप सरकतं. सकाळचा पहिला अर्धा तास स्पिंडल आणि स्लाइड मोकळे फिरवून मग कामाला लाग.

टूल नंबर टी०२०२ असा दिसेल. पहिले दोन आकडे टूलचे, नंतरचे दोन ऑफसेटचे. टी०२०१ असं चुकून झालं तर दोन नंबरचं टूल एक नंबरच्या लांबीनं चालतं आणि टूल धरणारा टरेट चकावर आदळू शकतो. इन्सर्ट नवा लावलास की जुन्याची झीज भरून काढायला दिलेला वेअर तसाच ठेवू नकोस. आधी ०.२ जास्त ठेवून एक जॉब काढ, मोज, मग मापावर आण.

नवा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना घाई नको. आधी ग्राफिकवर बघ. मग झेड (जॉबच्या लांबीची दिशा) शंभर मिलिमीटर बाहेर सरकवून हवेत चालव. मग खऱ्या जागी, सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ), रॅपिड (मोकळी धाव) २५ टक्के, एक बोट फीड होल्डच्या, म्हणजे थांबवायच्या, बटणावर. टूल जॉबच्या जवळ आलं की थांबव आणि स्क्रीनवरचं "उरलेलं अंतर" वाच. स्क्रीन सांगते चाळीस मिलिमीटर उरलेत आणि डोळ्याला पाचच दिसतात, तर तिथंच थांब, ऑफसेट चुकलाय. तुझ्या नजरेला पाच मिलिमीटर आणि चाळीस यातला फरक लांबूनही कळतो. नव्या पोरांना तो कळायला वेळ लागतो, कारण त्यांनी हातानं कॅरेज कधी चालवलेलं नसतं.

जॉब धरणं हा तर सगळा तुझाच प्रांत. पातळ बुश तीन जॉच्या हायड्रॉलिक चकात जास्त प्रेशरनं धरला की तो दबतो. दबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल होतो, आणि चक सुटल्यावर जिथं जॉ होते तिथं बाहेर येऊन तीन पाकळ्यांचा होतो. गंमत म्हणजे दोन टोकांचा मायक्रोमीटर किंवा बोअर गेज कुठूनही लावला तरी जवळपास एकच माप दाखवतो, कारण एका बाजूच्या फुगवट्यासमोर दुसरीकडचा खळगा येतो. प्लग गेज मात्र अडकतो. मग ऑपरेटर "गेज घासलंय" म्हणतो. बुश व्ही-ब्लॉकवर ठेवून बोअरच्या आत डायल लाव आणि बुश फिरव, सुई तीनदा वरखाली होईल. उपाय म्हणजे प्रेशर कमी कर आणि सॉफ्ट जॉ जॉबच्या व्यासाला बरोबर बोअर करून घे, तेही मधे रिंग धरून, ज्या प्रेशरला जॉब चालणार त्याच प्रेशरला.

शिकायचा क्रम मी असा ठेवीन. पहिला महिना फक्त ऑफसेट, इन्सर्ट आणि जॉ. दुसऱ्या-तिसऱ्यात तयार प्रोग्रॅम ओळ न ओळ वाचणं, वहीत मराठीत अर्थ लिहीत. मग स्वतः साधा स्टेप शाफ्ट, जी७१नं रफिंग, जी७०नं फिनिश. नोज रेडियसची भरपाई, म्हणजे जी४१-जी४२, त्यानंतर. टेपर आणि रेडियसला ती लागतेच, सरळ व्यासावर फरक दिसत नाही म्हणून लोक ती टाळतात आणि चेंफरचं माप चुकतं. ड्रॉइंगवरून प्रोग्रॅम बनवणाऱ्या कॅम सॉफ्टवेअरच्या मागं पहिलं वर्ष लागू नकोस. इंग्रजीची भीती बाळगू नकोस, अलार्मचे नेहमीचे शब्द थोडेच असतात आणि तेच तेच परत येतात.

पोराचं विचारलंस. नुसता "सीएनसी ऑपरेटर" म्हणून तीन महिन्यांचा कोर्स करून देऊ नकोस, तो त्याला त्या सगळ्यांत पातळ तुकड्यावर नेऊन बसवेल. आयटीआयत टूल अँड डाय मेकर मिळाला तर उत्तम, नाहीतर मशीन टूल मेंटेनन्स किंवा मेकॅट्रॉनिक्स. टर्नर-मशिनिस्टही चालेल, पण अप्रेंटिसशिप अशा ठिकाणी करू दे जिथं सेटिंगला हात लावू देतात. १९६१चा शिकाऊ उमेदवारी कायदा शिकवण्यासाठी आहे, लोडिंगला स्वस्त हात पुरवण्यासाठी नाही, हे त्यानं आधीच्या उमेदवारांना भेटून तपासावं. नंतर वर जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम आहे.

आणि हो, तो कुठल्या पार्टवर हात बसवतो हेही बघावं लागेल. इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, कनेक्टिंग रॉड यातलं काहीच नाही. आपल्या कोल्हापूरजवळच्या शिरोलीपासून इथल्या चाकणपर्यंत कितीतरी शेडचं पोट यावर चालतं. हे एका रात्रीत थांबणार नाही, ट्रॅक्टर आणि पंपाची इंजिनं आहेतच. पण मोटरचा शाफ्ट, रिडक्शन गिअर आणि ॲल्युमिनियमची हाउसिंग ही कामं वाढताहेत. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगतं. शंभर मिमीचा बोअर दहा अंशांत तेवीस मायक्रॉननं सरकतो, म्हणजे गरम जॉब मोजायची चूक तिथं दुप्पट महाग. इन्सर्ट कोटिंग नसलेला, घासून चकचकीत केलेला लागतो, नाहीतर कडेवर धातू चिकटून बसतो आणि फिनिश जातं.

शेठना एक सांग: तिसरा लेथ विकू नका. सॉफ्ट जॉ, मँड्रेल, फिक्स्चरच्या पिना, एखादा अडलेला जॉब यासाठी तो रोज लागतो, आणि पोराला कट म्हणजे काय ते हाताला कळायचं असेल तर त्याच लेथवर कळेल.

वहिनींना नमस्कार, आईंना साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
अनंत

ता. क. पहिल्या आठवड्यात जे जॉब चालतील त्यांच्या चिप्स कागदाच्या पुड्यांत ठेव. पुडीवर मटेरियल, इन्सर्टचा नंबर, स्पीड, फीड आणि कटची खोली लिही. त्यांचे आणि कंट्रोलच्या पाटीचे फोटो मोबाइलवर पाठव. फीड कुठं वाढवायचा आणि ब्रेकर कुठला बदलायचा ते मी बघून कळवतो.